दोनशे बारा नंबरचे पाच

आमच्या ऑफिसात माणसांचा आनंद मोजतात. मोजतात म्हणजे सर मोजतात. मी फक्त आलेले आकडे निवडते. भाग घेतलेल्या माणसांच्या फोनवर दिवसातून पाच वेळा, कधीही, घंटी वाजते आणि प्रश्न येतो : आत्ता, या क्षणी, कसं वाटतंय? शून्य ते दहापैकी एक आकडा दाबायचा, सोबत कोण आहे ते लिहायचं, की झालं.

जो माणूस सारखा एकच आकडा देतो तो पाट्या टाकतोय असं समजायचं आणि त्याला यादीतून काढायचं, हा सरांचा नियम. अशी शेकडो माणसं मी काढली असतील. मला त्याचं काही वाटलं नाही. तसं मला हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नाही. सर म्हणतात, या कामाला असंच माणूस हवं.

या वेळी माणसं कमी पडली तेव्हा सर म्हणाले, "घरच्यांना घ्या." मी नवऱ्याला घेतलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो.

"मला काय करायचंय?" त्याने विचारलं.

"घंटी वाजली की आकडा दाबायचा."

"खरा?"

"नाही, खोटा! अरे, खरा म्हणजे खराच."

"बरं," तो म्हणाला. त्याचं सगळ्यालाच 'बरं' असतं. भांडायला गेलं तरी 'बरं'. भिंतीशी किती भांडणार, म्हणून मी भांडायचंच सोडून दिलं होतं. त्याला दोनशे बारा नंबर मिळाला.

सहा आठवड्यांनी आकडे माझ्या टेबलावर आले. दोनशे बारा नंबरला दोनशे दहा वेळा घंटी वाजली होती आणि दोनशे दहा वेळा त्याने पाच दाबला होता. मी कपाळाला हात लावला. जगाच्या पाट्या शोधत फिरायचं आणि घरातच हा प्रकार!

काढायचं तर कारण लिहावं लागतं, आणि त्यासाठी वेळेचा रकाना बघावा लागतो : प्रश्न दिसल्यापासून बोट पडेपर्यंत किती सेकंद गेले. पाट्या टाकणाऱ्याला दोन सेकंद पुरतात. याचे होते एक्केचाळीस. मग अडतीस. मग छप्पन्न. मी शेवटपर्यंत खाली गेले. अर्ध्या मिनिटाच्या आत एकही नव्हता.

एका रविवारी संध्याकाळी एक मिनिट बारा सेकंद. सोबत कोण : बायको. तो रविवार मला आठवला. माझ्या बढतीचा फोन आला होता आणि मी चक्क हसत होते. हा मात्र आपला फोन हातात धरून मान खाली घालून बसला होता. बातम्या वाचतोय असं मला वाटलं होतं.

मी सरांना सेकंद दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "सरळ रेषेतून आपल्याला काही कळत नाही हो. काढून टाका."

मी काढून टाकलं.

घरी आले तर तो बेसिनपाशी हातांचं ग्रीस काढत होता.

"सगळीकडे पाचच का दाबलास?"

"चुकलं का?"

"चूक-बरोबर नसतं त्यात."

"तू खरा दाब म्हणालीस. म्हणून दर वेळी थांबून आत बघायचो."

"मग?"

"काही सापडायचंच नाही गं." त्याने नखं घासली. "शून्य म्हणावं तर दुखत नव्हतं. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबते ना, दार उघडलं की समोर नुसती भिंत. तसं. मग आपला मधला आकडा दाबायचो."

"एकदाही बोलला नाहीस?"

"काय बोलणार? काही झालंच नव्हतं."

मी त्याचा ओला हात हातात घेतला. त्याने तो काढून घेतला नाही, आणि माझा धरलाही नाही. मला भीती वाटली. किती तरी दिवसांनी मला काहीतरी स्पष्ट वाटलं, आणि ते हे.

सकाळी दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, "पेशंटला काय होतंय?"

"काही वाटत नाही त्यांना."

"दुखतंय कुठे?"

"नाही."

"ताप? झोप?"

"ताप नाही. झोप लागते."

"बरं, किती दिवसांपासून?"

सहा आठवडे, असं मी म्हणणार होते. माझ्याकडे आकडे तेवढ्याचेच होते. पण फोनवर हात ठेवून मी त्यालाच विचारलं. तो बुटांची नाडी बांधत होता. बांधता बांधता थांबला आणि कितीतरी वेळ जमिनीकडे बघत राहिला.

"लेक पहिलीत होती, तेव्हापासून असेल," तो म्हणाला.

लेक गेल्या महिन्यात नोकरीला लागली. मी मनात हिशोब केला आणि फोनवरचा हात काढला.

"सतरा वर्षं," मी म्हणाले.

"वय नंतर लिहिते हो," बाई म्हणाली. "आधी त्रास कधीपासून आहे ते सांगा."

मी पुन्हा तेच सांगितलं.