अंजिरी पैठणी कुणी नेसवली

मुलांनो, आपल्या हाताच्या करंगळीकडे बघा आणि तिची रुंदी लक्षात ठेवा. आता डोळे मिटून माझ्याबरोबर येवल्याला चला. एक माणूस सकाळी उजाडताच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आहे. त्याच्यासमोर रेशमाचे हजारो उभे धागे ताणलेले आहेत. हाताशी लहान लहान कांड्या आहेत, आणि प्रत्येक कांडीवर वेगळ्या रंगाचं रेशीम गुंडाळलेलं आहे. मोराची मान विणायची म्हणून तो निळी कांडी चार धाग्यांखालून काढतो, हिरवीचा धागा तिच्या धाग्यात अडकवतो आणि पुन्हा मागे फिरतो. दिवसभर तो हेच करतो. संध्याकाळी उठतो तेव्हा पदर किती पुढे सरकलेला असतो? तुमच्या करंगळीएवढा. एखाद्या दिवशी तेवढाही नाही.

असे सात महिने गेले, तेव्हा ती नऊवारी पैठणी पुरी झाली. अंजिरी रंग, नारळी काठ, पदरावर मोर. उलटून पाहिली तरी मोर तसाच्या तसा, मागे एक लोंबता दोरा नाही.

आता डोळे उघडा. त्या साडीवर खडूच्या रेघा मारल्या आहेत आणि शेजारी एक माणूस कात्री घेऊन उभा आहे.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एकोणीसशे एकोणनव्वदचा मे महिना होता आणि गाव होतं आपलं बोईसर. मी तेव्हा तिथल्या शाळेत चौथीला शिकवत असे. माझ्या वर्गातली पारू ही त्या विणकराची धाकटी मुलगी. विणकराचं नाव खंडेराव. येवल्याचा माग मोडून तो इकडे कारखान्यात आला होता आणि कापड रंगवायच्या खात्यात राबत होता. त्याच्या नखांत निळा रंग कायमचा बसला होता. माग मोडण्याआधी त्यानं शेवटची साडी विणली ती थोरल्या मुलीसाठी, जमुनासाठी. ती तिनं लग्नात नेसायची, हे तेव्हाच ठरलेलं.

त्या दिवशी जमुनाचं लग्न होतं. चाळीपुढं मांडव पडला होता आणि नवरी शेजारच्या खोलीत तयार होत होती. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. साडी नेसवायला जमुनाची मावशी येवल्याहून येणार होती, कारण तिची आई राहीबाई पंधरा दिवसांपूर्वी नळावर घसरून पडली होती आणि तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. सव्वाअकराला वाण्याच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला: एस.टी. जव्हारच्या घाटात बंद पडली, आम्ही मुहूर्ताला पोचत नाही.

वरपक्ष पालघरचा. त्यांनी आपल्याबरोबर नवरीला नटवायला एक ब्युटीशियन आणली होती. तिनं तोंडात टाचण्या धरून जमुनाला दोनदा साडी नेसवली, आणि दोनदा ती सुटली. पाचवारीवर तिचा हात चांगला होता, नऊवारी तिला येत नव्हती. राहीबाई शेजारून सांगायला गेली तर तिनं ऐकलं नाही, आणि खोलीतल्या बाकीच्या बायका सगळ्या पाचवारीच नेसणाऱ्या. येत नाही असं म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ती म्हणाली, "असली हातमागाची साडी फार निसरडी असते हो. आणि आता नऊवार नेसवत कोण बसतं? आता शिवूनच घेतात. मधून कापायची, दोन पाय करायचे, वर नाडी. परकरासारखी चढवली की झालं. पाच मिनिटांचं काम."

नवऱ्या मुलाची आत्या गोजराबाई पंख्याखाली बसली होती. तिला ते पटलं. "मग शिवा की! नऊवारीच पाहिजे बरं का, फोटोत दिसली पाहिजे. पण आमचा मुहूर्त चुकला तर मी ऐकून घेणार नाही."

राहीबाईनं डाव्या हातानं साडीचा पदर धरला. "आत्याबाई, कापायची? अहो, ह्यांच्या हातची आहे ती."

"हातची असो नाहीतर पायाची. कापल्यावर काय मोर उडून जाणार आहेत?"

दोघीतिघी हसल्या. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

कोपऱ्यावरच्या शांताराम शिंप्याला बोलावलं. तो टेप आणि कात्री घेऊन आला. त्यानं साडी पलंगावर पसरली, पदर उलटून पाहिला आणि त्याचा हात थांबला. "ही कापायची?" त्यानं विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "हो." त्यानं खडूनं रेघा मारल्या आणि पुन्हा विचारलं, "नक्की ना? एकदा कात्री चालली की माझ्याच्यानं जुळायची नाही."

"नवरीच्या बापाला विचारा आणि मोकळे व्हा," आत्याबाई म्हणाल्या.

खंडेराव दारात आला. डोक्याला फेटा, अंगात नवा सदरा. त्यानं पलंगावरच्या रेघा पाहिल्या. मुलांनो, मला वाटलं हा माणूस आता ओरडेल. ओरडायलाच हवं होतं त्यानं. पण आपल्याकडे मुलीच्या बापानं त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. कुणी ठरवलं हे, कोण जाणे. रुसवा करायचा तो वरपक्षानं, मान वाकवायची ती वधूपक्षानं. खंडेरावनं निळ्या नखांचे दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." मग तो वळून मांडवात निघून गेला. जमुना मुंडावळ्यांखाली रडत होती.

आणि मी? मीही काही बोलले नाही. रोज वर्गात मुलांना सांगणारी बाई मी, की चूक दिसली तर हात वर करून सांगा. तिथे मी हातातल्या अक्षता चिवडत उभी राहिले. मला नऊवारी नेसवता येत नव्हती. माझ्या आईला येत असे, मी कधी शिकून घेतली नाही.

पारू पलंगाच्या पायाशी उभी होती. करवली म्हणून तिला हिरवा परकर-पोलकं शिवलं होतं. तिनं शिंप्याला विचारलं, "शांतारामकाका, नऊवारी नेसवणारं कुणी मिळालं तर कापायची नाही ना?"

"मग कशाला कापू, बाळा?"

"मी येईपर्यंत कात्री लावू नका." असं म्हणून ती मागच्या दारानं पळाली.

मागच्या बाजूला आचाऱ्याच्या चुली होत्या. तिथे लाडकी भांडी घासत बसली होती. लाडकी डोंगराकडच्या पाड्यावरची. पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या आपल्या वरकस तुकड्यावर नाचणी करायची आणि उन्हाळ्यात बोईसरला येऊन मिळेल ते काम करायची. सकाळी ती पाटीतून करवंदं विकायला आमच्या शाळेवरून जात असे. चालता चालता तिच्या लुगड्याचा कासोटा सैल झाला की ती डोक्यावरची पाटी खाली न उतरवता एका हातानं तो आवळून घेई आणि तशीच पुढे जाई. आमच्या वर्गातली मुलं खिडकीतून तिला हसत. "जंगली, जंगली" म्हणत. मी त्यांना बाकावर उभं केलं होतं एकदा. पण त्या दिवशी मांडवात नऊवारी नेसवू शकेल अशी बाई शोधताना मलाही ती आठवली नाही. पारूला आठवली.

पारू तिला हाताला धरून ओढत घेऊन आली. लाडकी दारातच थबकली. तिच्या हातांना कोपरापर्यंत राख होती.

"मी नाय येत आत," ती म्हणाली. "माझं हात बघ कसं हायत."

आत्याबाई ताडकन उठल्या. "ही? ही नवरीला हात लावणार? अगं, ही लुगडं गुडघ्यावर बांधून हिंडणारी! लग्न आहे का थट्टा?"

पारूनं आत्याबाईंकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "मग तुम्ही नेसवा."

मुलांनो, तिनं हे उद्धटपणानं म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाटलं होतं की आत्याबाईंना येत असेल. आत्याबाईंच्या अंगावर गुळगुळीत पाचवारी होती, खांद्याला सोन्याची पिन. त्या पुन्हा पंख्याखाली जाऊन बसल्या.

पारूनं कळशी उचलली आणि दाराबाहेर लाडकीच्या हातांवर पाणी ओतलं. एकदा, दोनदा, राख निघून पाणी स्वच्छ वाहीपर्यंत. मग आपल्या नव्या परकराच्या घोळानं तिचे हात कोरडे केले. शांतारामनं न सांगता खडूच्या रेघा फडक्यानं झटकून टाकल्या आणि तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. घड्याळात अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

लाडकीनं साडी उचलली. आधी तिनं ती नुसती हातावर तोलली. "रेशीम हाय," ती हळूच म्हणाली. "पाण्यासारका."

"सांगते मी तशी नेसव," राहीबाई प्लॅस्टरचा हात सावरत पुढे सरकली. "कमरेला गाठ घाल. घट्ट."

"ती घातली."

"आता निऱ्या. काठाला काठ लाव."

"त्या पन झाल्या. आता वर खोचू? गुडघ्यापत्तर?"

"अगं बाई! घोट्यापर्यंत. आमच्यात घोट्यापर्यंत असते."

"मंग ही पलेल कशी?"

"लग्नात कशाला पळायचंय तिला?"

"सासू मागं लागली तर?" लाडकी म्हणाली, आणि मुंडावळ्यांखालून जमुना फिसकन हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

लाडकीनं निऱ्यांचा मधला भाग दोन पायांतून मागे घेतला, पाठीशी चापून बसवला आणि तळहातानं दोनदा थोपटला. समोरचा ओचा राहीबाईनं सांगितला तसा खोचला. पदर खांद्यावर आला आणि मोर बरोबर पुढे येऊन बसले. ब्युटीशियननं टाचणी पुढे केली. लाडकीनं मान हलवली. "कशाला टोचता? सुटत नाय ती." मग जमुनाला म्हणाली, "बस. ऊठ. पाटावर पाय टाक." जमुना बसली, उठली, पाटावर चढली. साडी तसूभर हलली नाही.

बारा वाजायला आठ मिनिटं होती.

नवरी बाहेर येताच दाराशी उभ्या शांतारामनं कात्री खिशात घातली आणि कुणाला नमस्कार करावा हे न कळून साडीलाच हात जोडले. नवरी मांडवात आली तेव्हा मी खंडेरावकडे पाहत होते. त्याची नजर आधी काठावर गेली, मग निऱ्यांवर, मग पदरावर. कुठे शिवण आहे का, शोधत होता. ती सापडली नाही, तेव्हा त्यानं फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं.

इथे गोष्ट थांबवता आली असती. पण पुढचं सांगितलं नाही तर मी तुम्हाला अर्धंच खरं सांगितलं असं होईल.

लग्न लागलं. फोटोवाला आला. आत्याबाईंनी सगळ्यांना नवरीभोवती उभं केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, "आमच्या भगवंतची बायको बघा, अस्सल नऊवारीत उभी आहे! आमच्या घरात सगळं रीतीप्रमाणे लागतं." लाडकी जमुनाचा ओचा नीट करायला वाकली होती. आत्याबाई फोटोवाल्याला म्हणाल्या, "थांब रे," आणि मग लाडकीला, "तू हो बघू बाजूला. भांडी पडलीत तिकडे."

सकाळी जो कासोटा जंगली होता तोच दुपारी रीत झाला होता. आणि ज्या हातांनी तो घातला त्यांना परत राखेत धाडलं होतं. या वेळी मी बोलले. म्हणाले, "आत्याबाई, नवरीला नेसवणाऱ्या बाईची ओटी भरायची असते." त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही शाळेत शिकवा." आणि ताट घेऊन पुढे गेल्या. बायकांच्या ओट्या भरल्या. ब्युटीशियनचीही भरली. शेवटी करवलीचा मान म्हणून आत्याबाईंनी पारूच्या हातात खण आणि नारळ ठेवला, आणि तिला सांगितलं, "चल, पहिल्या पंगतीला माझ्याशेजारी बस. मानाची आहेस तू."

पारूनं मान डोलावली. पण ती पंगतीकडे गेली नाही. मांडवाला वळसा घालून ती चुलींकडे गेली. मी तिच्या मागोमाग गेले, आणि मांडवाचा पडदा सरकवलेला होता म्हणून पंगतीतल्या सगळ्यांनाच पुढचं दिसलं.

लाडकी मोठ्या पातेल्यात हात घालून बसली होती. ओटी कुणी कुणाची भरायची याचे नियम पारूला ठाऊक नव्हते. तिनं लाडकीचा पदर स्वतःच ओढून पसरला आणि त्यात आपला खण आणि नारळ टाकला.

"जा गं पोरी, जेवाला बस," लाडकी म्हणाली. "मला अजून येवढी भांडी हायत."

पारूनं एकदा भांड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मग आपल्या हिरव्या परकराचा पुढचा घोळ दोन पायांतून मागे घेतला, लाडकी घेते तसा, आणि कमरेला घट्ट खोचला. तिथेच उकिडवी बसली, मूठभर राख घेतली आणि सगळ्यांत मोठं पातेलं आपल्याकडे ओढलं.