तारा छाप जोडरूळ

मी एक जुना रूळ आहे, मित्रांनो. खरं तर रूळ म्हणावं एवढी माझी लांबीही नाही. खेळण्यातल्या आगगाडीचा मी एक तुकडा, मोठ्या माणसाच्या तळहातावर सहज मावणारा. माझं एक टोक एका तऱ्हेचं, दुसरं भलत्याच तऱ्हेचं. पाहणाऱ्याला वाटतं, करणाऱ्याचा हात चुकला असावा. तसं नाही. करणाऱ्यानं मला असंच केलं, आणि त्याच्या मनात काय होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझं घराणं 'तारा छाप' गाड्यांचं. पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्याच्या मालकानं उरल्यासुरल्या पत्र्यातून आपल्या लेकीसाठी गाडी केली. ती पाहून गल्लीतल्या पोरांनी आपापल्या घरी रडून गोंधळ घातला, आणि डब्यांचा कारखाना गाड्यांचा झाला. इंजिनाच्या कपाळावर पितळी तारा असे. रूळ पत्र्याचे, उंच आणि पोकळ. एकाची खीळ दुसऱ्याच्या पोकळीत खुपसायची की झाला रस्ता, आणि रुळांतून वीज सोडली की गाडी धावू लागे. चाकांच्या किनारी चांगल्या खोल ठेवलेल्या, म्हणजे वेड्यावाकड्या वळणावरही गाडी रूळ सोडायची नाही.

मालक देवाघरी गेले. कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी तारा ठेवला, पण रूळ बदलले. नवे रूळ बुटके, भरीव, काळ्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्यांवर बसवलेले. दिसायला अगदी खऱ्यासारखे! पण जुन्याची खीळ नव्याला बसेना. मग लोक दुकानात येऊन भांडू लागले, "अहो, तारा तोच ना? मग जुळत कसं नाही? आमची जुनी गाडी काय भंगारात टाकायची?" तेव्हा कुठे कारखान्यानं मला घडवलं. इकडे जुन्याची खीळ, तिकडे नव्याचा चाप. आम्हाला खोक्यांत भरणाऱ्या बायका हसून म्हणायच्या, "आली बघा सोयरीक जमवणारी मंडळी!"

सोयरीक जमवायची म्हणून निघालो आणि अडगळीत जाऊन पडलो. थोड्याच दिवसांत लोकांनी नव्या गाड्या घेतल्या, जुन्या माळ्यावर टाकल्या, आणि आम्हाला कोणी विचारेना. कारखान्यानं आम्हाला करणंही बंद केलं. एका खेळण्यांच्या दुकानात, मोडक्या चाकांच्या आणि सुट्या स्क्रूंच्या खणात मी वर्षानुवर्षं पडून होतो. दुकानदार सतत शीळ घालायचा, म्हणून मुलं त्याला शिट्टीकाका म्हणत. तो खण उघडायचा, मला बोटानं बाजूला सारायचा आणि हवा तो स्क्रू उचलायचा. रागावलो नाही मी. ज्याची वेळ आली नाही त्यानं गप्प पडून राहावं, दुसरं काय!

मग एके दिवशी एक मुलगी आईचा हात ओढत दुकानात आली.

"काका, माझी गाडी नवीन आहे आणि दादाची जुनी आहे. दोन्ही जोडायच्या आहेत."

"मग दादालाच घेऊन यायचं ना, चिमणे! गाडी त्याची आणि खटपट तुझी?"

आईनं नजर खाली घातली. चिमणीच म्हणाली, "दादा नाहीये. मी व्हायच्या आधीच गेला तो. तापानं."

काकांची शीळ ओठांतच विरली. त्यांनी खण ओतला, मला शोधून काढलं, धोतराच्या मऊ फडक्यानं पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं. आई पर्स उघडायला लागली तसे म्हणाले, "असू द्या हो ताई. तो खणात नुसता जागा अडवून बसला होता."

चिमणीच्या घरी बाप चष्म्याच्या काचा घासायचा. पुढच्या खोलीत पाण्यावर फिरणारं घासायचं चाक, मागच्या खोलीत आईचं शिवणयंत्र. मुलगा गेल्यापासून बापानं त्याच्या गाडीचं खोकं कपाटात कुलूपबंद ठेवलं होतं. मुलाचं नाव त्या घरात निघत नसे. चिमणीला भाऊ होता तो फक्त त्या खोक्यापुरता. तिला तो हवा होता, मित्रांनो. तिचं दुसरं मागणं नव्हतं.

पुष्कळ दिवस मनधरणी करून तिनं कुलूप उघडायला लावलं. मोठ्या टेबलावर एका अंगाला दादाचे उंच रूळ गोल मांडले, त्यातूनच एक फाटा काढला, दुसऱ्या अंगाला तिचे काळे बुटके रूळ. मधोमध मी. बापानं इंजिनाला तेल घातलं.

"आधी दादा माझ्याकडे येणार," चिमणी म्हणाली. "मी स्टेशन सजवलंय ना त्याच्यासाठी!"

चूक झाली ती इथंच, आणि प्रेमानं झाली. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. जुनं इंजिन माझ्यावरून ऐटीत गेलं. पण पलीकडचे रूळ बुटके, आणि त्याच्या चाकांची किनार खोल. काळ्या पट्ट्यांवर ती किनार आपटू लागली. खडखड, खडखड. तिसऱ्याच धक्क्याला इंजिन उडालं, कलंडलं आणि टेबलावरून खाली फरशीवर पडलं. धुराडं मोडून कोपऱ्यात गेलं.

बापानं इंजिन उचललं. "आवरा ते सगळं," एवढंच बोलला.

चिमणी रडलीसुद्धा नाही. ती धुराडं मुठीत धरून टेबलाखाली बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आई शिट्टीकाकांकडे जाऊन आली. तिनं नवऱ्याला सांगितलं, "ते म्हणाले, चाकांची किनार घासून कमी केली की नव्या रुळावर चालेल. पण मग त्याच्या स्वतःच्या रुळावर नीट टिकणार नाही. घसरत राहील."

"घासायचं काम मला कोणी शिकवायला नको," बाप म्हणाला.

तो इंजिन घेऊन पुढच्या खोलीत गेला. घासायचं चाक सुरू झालं, पाण्याचा आवाज येऊ लागला. चिमणी दारात उभी. रूळ आणि मी अजून टेबलावर जोडलेलेच होतो. आम्हाला आवरायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. किनार गेली की त्या मुलाच्या हातचं काय उरणार होतं? आणि नाही गेली, तर या मुलीच्या वाट्याला भाऊ कसा येणार होता? चाक नुसतंच फिरत राहिलं. मग थांबलं.

बाप बाहेर आला. किनार जशीच्या तशी होती. त्यानं इंजिन दादाच्या रुळांवर ठेवलं आणि लेकीसमोर उकिडवा बसला.

"बाळा, तो नाही येऊ शकणार तुझ्याकडे," तो म्हणाला. कितीतरी वर्षांनी तो मुलाबद्दल बोलत होता. "तू येतेस का त्याच्याकडे?"

चिमणीनं मान हलवली. तिनं आपलं छोटं इंजिन काळ्या रुळावर ठेवलं आणि वीज दिली. नवी चाकं हलकी, किनार उथळ. त्यांना उंच काय नि बुटकं काय! ती माझ्यावर चढली, मला जेमतेम जाणवली, आणि पलीकडे उतरली. रुळांतून तीच वीज मिळून दादाचं इंजिनही धुराड्याशिवाय चालू लागलं होतं. नवं जरा चपळ. गोल फिरता फिरता त्यानं जुन्याला गाठलं, मागून हलकेच टेकलं, आणि दोन्ही एका चालीनं फिरू लागली.

"दादा कसा चालवायचा हो बाबा? जोरात?"

"जोरात! ऐकायचा कुठे तो?" बाप हसत म्हणाला. शिवणयंत्र थांबलं होतं. आई दारात येऊन उभी होती. त्या संध्याकाळी त्या घरात मुलाचं नाव कितीदा घेतलं गेलं, विचारू नका.

मित्रांनो, आता माझ्या एका टोकाला गंज धरला आहे आणि कारखाना माझ्यासारखे करत नाही. तुम्ही नवं जरूर घ्या. देवानं तुम्हांला नवे हातपाय त्याचसाठी दिले आहेत. पण जुन्याला आपल्या मापाचं करायला घासू नका. त्याला येता येत नसेल, तर तुम्ही जा. आणि जाताना वाटेत माझ्यासारखा एखादा तुकडा दिसला, तर त्याला कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. कोणाला तरी पलीकडे जायचं असेल.