परशुरामाच्या पाठीचा ठसा

बटाटेवड्याचा पहिलाच घास बाबुरावांच्या तोंडात अडकला. गिळता येईना, बाहेर काढता येईना. बोटीच्या जुन्या भटारखान्यात हॉटेलचा सुशांत नावाचा तरुण पाहुण्यांना माहिती सांगत होता, आणि लोखंडी भिंतीवरच्या एका पांढुरक्या लेपाकडे त्याने हात केला होता.

"आणि इथेच, मंडळी, परशुराम भंडारी पाठ लावून बसला."

भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, हेही त्याने समजावून दिलं. मग हर्णैच्या समुद्रातलं वादळ आलं, बोटीला भाकरीएवढं भोक पडलं, कप्तानाने देवाचं नाव घेतलं. परशुरामाने मात्र पिठाचं अख्खं पोतं परातीत ओतलं, कणीक मळली, भोकात कोंबली आणि रात्रभर तिला पाठीने रेटून धरलं. सकाळी बंदर आलं. उतारू सुखरूप उतरले. कप्तान त्याचे पाय धरायला खाली आला, तर परशुराम नाही. दर्याने त्याला कधी नेलं कुणाला कळलं नाही. कणकेत त्याच्या पाठीचा ठसा तेवढा राहिला होता.

"हा बघा तो ठसा," सुशांत म्हणाला, आणि पाहुण्यांचे मोबाइल वर झाले.

बाबुरावांनी पाहिलं. लेपात खरोखरच खळगा होता, आणि मधोमध कण्यासारखी रेघ.  हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आणि तोंडपाठ असायला कारण होतं: ते त्यांनीच रचलं होतं.

बाबुराव एसटीत कंडक्टर होते. ठाणे-कल्याण गाडी मुंब्र्यावरून निघाली की डाव्या-उजव्या खिडकीचं भांडण लागायचं, कारण खाडीच्या चिखलात ही 'रत्नमाला' रुतून पडलेली दिसायची. एके काळी कोकणातल्या बंदरांना माणसं पोचवणारी बोट. पुढे शीळफाटा यायचा आणि गाडी कोंडीत अडकून थांबायची. थांबायची म्हणजे अशी, की ड्रायव्हरने उतरून दाढी करून घ्यावी. उतारू आधी कुरकुरायचे, मग एकमेकांवर खेकसायचे, शेवटी कंडक्टरवर. त्यावर बाबुरावांनी एक उपाय शोधला होता. तिकिटाच्या चिमट्याची टकटक करायची आणि गोष्ट सुरू करायची. रत्नमालेवर वाघ चढला, रत्नमालेवर वरात निघाली, काय वाट्टेल ते. नाव तेवढं उतारूंकडून मागायचं. "द्या एक नाव," म्हणायचं. ज्याने नाव दिलं तो फाटा सुटेपर्यंत भांडत नाही, हा त्यांचा अनुभव होता. प्रत्यक्षात बाबुरावांनी बोटीवर पाय ठेवला तो आज, सुनेला मोबाइलवर स्वस्तातली कौटुंबिक ऑफर दिसली म्हणून. एक रात्र, सकाळच्या नाश्त्यासकट. डागडुजी करून, रंग फासून खाडीच्या काठाला बांधलेल्या त्याच बोटीवर.

"आबा, ही तर तुमची गोष्ट," नात रसिका मोठ्याने म्हणाली.

प्रफुल्लने वळून वडिलांकडे पाहिलं. घरात 'बाबांची थाप' हा शब्द त्यानेच रुळवला होता. कॉलेजात असताना मित्रांसमोर तो म्हणायचा, आमच्या बाबांनी जय भीम म्हटलं तेवढं खरं धरा, पुढचं सोडून द्या. तो आता हळूच म्हणाला,

"बाबा, म्हणजे ती खरी होती?"

मुलाच्या डोळ्यांत अशी नजर बाबुरावांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी घास गिळला आणि नुसती मान हलवली. मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात सुशांतने पुढचं सांगितलं. परशुरामाची बायको अजून आहे. ठमाबाई. शीळकडच्या गावातली. दर पुनवेला संध्याकाळी ती येते आणि मागच्या डेकवरून नवऱ्यासाठी पाण्यात भाकर सोडते. आज पुनव आहे, थांबलात तर दर्शन होईल.

बाबुरावांच्या हातातली बशी कलली आणि वडा घरंगळत भटारखान्याच्या कोपऱ्यात गेला.

केबिनमध्ये आल्यावर ते बॅग भरू लागले. छाती दुखते म्हणाले. मग गॅस चालू राहिलाय म्हणाले. शालनताईंनी बॅग त्यांच्या हातातून काढून घेतली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याची प्रत्येक थाप चालीवरून ओळखता यायची, जशी आंधळ्याला दाराशी वाजलेली चप्पल.

"तुमचीच ना ती?" त्यांनी विचारलं.

बाबुराव वाकून पलंगाखाली चपला शोधू लागले.

"वाघ सोडलात, वरात काढलीत, मी काही बोलले का? पण बाई भाकरी घेऊन येते हो. तुमच्या थापेला भाकरी घालते. नवरा बुडाला ही थाप आहे, हे तिला कळायला नको? जा आणि सांगा."

"आता या वयात तिला काय सांगू? की तुझा नवरा मी बुडवला?"

"तेच सांगा," शालनताई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

ऊन उतरलं होतं. मागच्या डेकवर कठड्याला टेकून एक म्हातारी उभी होती. नऊवारी घट्ट नेसलेली, कपाळ मोकळं, हातात फडक्यात बांधलेली भाकर. दोनचार पाहुणे फोटो काढून निघून गेले. बाबुराव तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. शब्दावर शब्द रचून त्यांनी शीळफाट्यावर गाडीच्या गाड्या रिझवल्या होत्या, आणि आत्ता ते गोष्टीची सुरुवात शोधत होते.

"मावशी," ते म्हणाले, "ती परशुरामाची गोष्ट..."

म्हातारीने डोळे बारीक केले.

"आवाज तोच हाय," ती म्हणाली. "तुजा चिमटा कुठं गेला रं, मास्तर?"

बाबुरावांनी कठडा धरला.

"तू नाव मागितलंस," ठमाबाई म्हणाली. "मी सुकटीची पाटी घेऊन मागल्या खिडकीत बसलेली. मीच दिला, परशुराम. तोंडातून गेला."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक..."

"मना नाय ठावं तर कोनाला? बोटीवर कामाला जातो बोलून घरातनं निघाला, तो कनच्या बाईच्या मागं गेला ते सगल्या गावाला म्हायती. भंडारी म्हनं! त्याला चहा करता येत नव्हता."

ती फडक्याची गाठ सोडू लागली. गाठ सोडता सोडता तिने बाकीचं सांगितलं, जणू मासळीचा भाव सांगतेय. तिच्या शेजारच्या बाकावर गावचाच एक उतारू होता. फाटा सुटेपर्यंत तो नाक पुसत होता. त्याने ती गोष्ट जशीच्या तशी गावात नेली. मग भावकी आली. ज्या शेजारणीने पाणी भरू दिलं नव्हतं तिने घागर उचलून दिली. मिळून सगळ्यांनी पिठाचा पुतळा केला आणि परशुरामाला अग्नी दिला. तिच्या दोन्ही पोरी पुढच्या उन्हाळ्यात उजवल्या.

"पलालेल्याची पोर कोन करल, मास्तर? बुडालेल्याची करतान."

बाबुराव हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की म्हातारी हसत नाहीये.

"पोरी उजवल्या त्याच्या पाठच्या शिमग्याला तो परत आला," ती म्हणाली.

"कोण?"

"कोन म्हंजे? परशुराम. पहाटं. सुकून काटकी झालेला. दारात उबा."

खालून पाणी बोटीच्या अंगाला लागत होतं. बाबुरावांना वाटलं, सगळी बोटच जरा खाली बसली.

"मग?"

"मग काय. मी बोलली, तू बुडालास. तुजा पुतला जालून झाला. पोरींची लग्नं लागली तुज्या नावावर. आता तू कनच्या तोंडानं आत येतस? तो बसला वट्यावर. काय झाला बोल बोलला. मी सगली गोष्ट सांगितली, तू सांगितलीस तशी. कनकेसकट." तिने भाकरीचे दोन तुकडे केले. "आयकून गप बसला. मग बोलला, पुन्ना सांग."

"पुन्हा?"

"पुन्ना सांगितली. मग भाकर मागितली. खाल्ली, उठला, उजाडायच्या आत गेला. येताना वाकलेला होता रं. जाताना ताठ."

तिने एक तुकडा पाण्यात टाकला. दुसरा बाबुरावांच्या हातावर ठेवला आणि फडकं झटकून, कठडा धरत धरत ती सुशांतने मांडलेल्या चहाकडे चालू लागली.

शालनताई जिन्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्यामागे प्रफुल्ल, वडिलांच्या तोंडाकडे बघत.

"सांगितलंत?" शालनताईंनी विचारलं.

बाबुरावांनी हातातली भाकर पाहिली. ज्वारीची नव्हे, तांदळाची होती, अजून कोमट. अख्ख्या आयुष्यात त्यांच्याकडे पहिल्यांदाच एक खरी गोष्ट आली होती, आणि तीही अशी, की शीळफाट्याला गाडी चार तास अडली असती तरी कुणी जागचं हललं नसतं.

"सांगितलं," ते म्हणाले. "बिचारी फार रडली."

शालनताईंनी पदर डोळ्यांना लावला.