रुखवतातला लॅपटॉप

हायस्कुलातल्या प्रत्येक पोराला लॅपटॉप द्यायचं ठरलं, तेव्हा बारामतीजवळच्या त्या गावात विज्ञानाच्या सरांची जागा दोन वर्षं रिकामी होती. सर काही आले नाहीत, लॅपटॉप मात्र मांडव घालून, हारतुऱ्यांसकट आले. पाहुण्यांनी तासभर डिजिटल युगावर भाषण केलं. मधेच माइक बंद पडला म्हणून उरलेलं युग ओरडून सांगितलं.

नववीतल्या छकुलीने खोकं पोटाशी धरून घरी आणलं. तिच्या बापाने, रावजीने, त्यावर हळदीची पाच बोटं ओढली, देवाला दाखवलं आणि थेट कपाटावर ठेवून दिलं.

"प्राचीच्या रुखवताला झालं," तो म्हणाला.

छकुलीच्या थोरल्या बहिणीचं, प्राचीचं, लग्न वैशाखात होतं. स्थळ इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याचं, ऊसवाल्यांचं. त्यांच्यासमोर रुखवत कसं उठून दिसायला हवं, आणि गावात आजवर कुणी लॅपटॉप मांडला नव्हता.

"आबा, पण त्यो माझ्या अभ्यासाचा हाय."

"मग कर की अभ्यास. खोकं तेवढं उघडू नको. उघडला की जुना झाला."

रावजी काही वाईट बाप नव्हता. ढबू मिरचीच्या कामासाठी त्याने पोरींना कधी शाळा बुडवू दिली नव्हती. पण चारचौघांना दाखवता येत नाही ती वस्तू असून नसून सारखी, असं त्याचं मत होतं, आणि गावात तो एकटा नव्हता. कुणाचा लॅपटॉप टीव्हीशेजारी क्रोशाच्या रुमालाखाली होता, कुणी तो दसऱ्याला ट्रॅक्टरसोबत पुजून पुन्हा बांधून ठेवला होता. हेडमास्तरही बजावत, "प्लास्टिक फाडू नका, तपासणी येईल."

छकुली खूप रडली. शिकवायला सर नाहीत, पुस्तकातलं डोक्यात शिरत नाही, आणि जो शिकवील तो हळद लावून कपाटावर बसलेला. शेवटी तिने प्राचीलाच विचारलं.

"घे तू," प्राची म्हणाली. "माझं लगीन माणसाशी हाय, खोक्याशी न्हाय."

रावजी मिरचीची गाडी घेऊन बाजाराला गेला तेव्हा बहिणींनी खोकं बुडाकडून अलगद कापलं. लॅपटॉप मिरचीच्या पॅकिंगच्या शेडात रिकाम्या क्रेटांमागे गेला. न्हाणीघराच्या कामातला शहाबादी फरशीचा तुकडा जुन्या परकरात गुंडाळून खोक्यात गेला आणि बूड पुन्हा चिकटवलं गेलं.

लग्नात खोकं रुखवताच्या मधोमध होतं. बायका त्यावर हात फिरवून पुढे सरकत होत्या. छकुलीचा जीव टांगणीला लागला होता. कुणी उघडलं असतं तर बहिणीला सासरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण कुणी उघडलं नाही. लासुर्ण्याला प्राचीच्या सासऱ्यांनी, दिग्विजयरावांनीही, ते आपल्या कपाटावर चढवलं.

पुढचं वर्षभर छकुली रोज शेडात जाई. "मिरची निवडून येते," म्हणे. लेक कामाला लागली म्हणून रावजी पारावर तिचं कौतुक करी. दहावीचा निकाल लागला तेव्हा ती हायस्कुलात पहिली आली, तीही विज्ञानाच्या जोरावर.

सत्काराला प्रमुख पाहुणे दिग्विजयराव होते. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं, त्यामुळे हल्ली ते कुणाचाही सत्कार करत. "या गुणी मुलीला माझ्यातर्फे नवाकोरा लॅपटॉप," असं म्हणून त्यांनी सोनेरी कागदातलं खोकं पुढे केलं. ते हातात घेताच छकुलीला वजन ओळखीचं वाटलं. खाली बसलेली प्राची तोंडाला पदर लावून जमिनीकडे बघत होती.

"उघडून दाखवू या का सगळ्यांना?" हेडमास्तरांनी विचारलं. छकुलीने खोकं पोटाशी घट्ट धरलं.

"नको, नको," दिग्विजयराव म्हणाले. "उघडला की जुना होतो."

घरी रावजीने सोनेरी कागद सोडवला आणि आपलीच हळदीची पाच बोटं बघून खाली बसला.

"आपलंच खोकं आपल्याला? पाव्हणं लईच चिक्कू निघालं." मग जरा विचार करून त्याने ते कपाटाकडे नेलं. "असू दे. तुझ्या रुखवताला झालं. आता तुझ्यासाठी स्थळं बघाय हरकत न्हाय."

छकुलीला बारामतीला अकरावी सायन्सला जायचं होतं. तिला असा राग आला की तिने बापाच्या हातातून खोकं ओढून घेतलं आणि त्याच्यासमोरच चिकटपट्टी टरकावली.

परकरातून फरशी निघाली. रावजीचा चेहरा उतरला.

"पाव्हण्यानं आतला माल काढून घेतला," तो हळूच म्हणाला. "पण तू गप ऱ्हा. प्राचीला तितं नांदायचं हाय."

छकुली शेडात गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. त्याच्या बटणांवरची अक्षरं झिजली होती, कडेला मिरचीचं बी चिकटलं होतं.

"पाव्हण्यांनी न्हाय, फरशी म्याच घातली. तुमी खोकं जपलं, आबा, म्या आतलं वापरलं. ह्याच्यावरच पयली आले."

रावजीने फरशी उलटीसुलटी करून पाहिली.

"तरीच न्हाणीच्या कोपऱ्याला तुकडा कमी पडला," तो म्हणाला. "म्हंजी लग्नात समद्या बाया हात फिरवत हुत्या त्यो..."

"न्हाणीच्या फरशीवर. व्हय."

 रावजीने फरशी पुन्हा परकरात गुंडाळली, खोक्यात घातली, वरून पट्टी चिकटवली आणि खोकं कपाटावर नीट मधोमध ठेवलं.

"ऱ्हाऊ दे. कवातरी लागलंच रुखवत, तर तयार हाय. उद्या बारामतीला जाऊन तुझा फॉर्म भरू."

मग त्याने हात धुतले, पंच्याला कोरडे केले आणि लेकीशेजारी येऊन बसला.

"आता जरा उघडून दाव की," तो म्हणाला.