अकरा ते दोनची वीज

खटका पडला तेव्हा बाबांच्या अंगाला साबण होता. न्हाणीघरातला दिवा गेला, वॉशिंग मशीनची घरघर मध्येच थांबली, विजेच्या शेगडीवरचं पाणी उकळता उकळता गप्प झालं, आणि आतून बाबांचा शांत आवाज आला, "किती वाजले बघ गं, ठकू."

अकरा तेवीस. ठकूनं वेळ मोठ्यानं सांगितली आणि खटका वर करायला बाहेरच्या खोलीत गेली. तिला बेचाळिसावं लागलं होतं, कचेरीत तिच्या हाताखाली अकरा माणसं होती. ठकू म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं.

आई जाऊन सव्वीस दिवस झाले होते. सुरुवातीला शेजारून डबे यायचे, कोणी ना कोणी येऊन बसलेलं असायचं, कपडेसुद्धा कोणीतरी धुऊन आणायचं. मग जो तो आपापल्या कामाला लागला, बापलेकीनं घर हाती घेतलं, आणि त्या दिवसापासून रोज अकरानंतर खटका पडायला लागला.

अकराचं असं होतं. गेल्या काही वर्षांत माळांवर आणि घराघरांच्या छपरांवर इतक्या सौरपट्ट्या बसल्या, की भर दुपारी वीज उतू जायला लागली. माणसं कामावर, घरांना कुलपं, आणि ऊन काही कोणाच्या सुट्टीची वाट बघत नाही. शेवटी वीज कंपनीनं जाहीर केलं, की जो नवा मीटर बसवून घेईल त्याला अकरा ते दोन घरगुती वापराची वीज फुकट. हवी तेवढी वापरा. आता हवी तेवढी म्हणजे दिवसाकाठी हवी तेवढी; एका वेळी किती, ते घरातला मुख्य खटका ठरवणार. समोर कितीही वाढलं तरी घास तोंडाच्या मापाचाच घ्यावा लागतो.

आणि हे बाबांना कोणी सांगायची गरज नव्हती. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. लोक जितकी वीज वापरतात तितकीच त्या क्षणी बनली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. ते जमलं की समोरचा काटा पन्नासावर उभा राहतो. काटा जरा हलला की बाबा खुर्चीतून उठून उभे राहायचे, म्हणून तिथले लोक त्यांना पन्नाससाहेब म्हणायचे. फुकट विजेची योजना आली तेव्हा ते आठवडाभर धुसफुसत होते. वीज वाटावी लागते म्हणजे कोणाचा तरी अंदाज चुकला, आणि चुकीचं कौतुक कसलं, असं त्यांचं म्हणणं. आईनं ऐकून घेतलं आणि स्वतः जाऊन अर्ज भरला. नवा मीटर बसला तशी तिनं घराची सगळी कामं त्या तीन तासांत आणून ठेवली, आणि घरात मध्ये मध्ये करता म्हणून बाबांना त्या वेळी वाचनालयात पिटाळायला लागली. दीड वर्ष बाबा दहा पन्नासला चष्मा घेऊन निघत आणि दोनला परत येत. वाचनालयातच त्यांना बोलवायला मागच्या गल्लीतली इस्त्रीवाली धावत आली होती. ते पोचेपर्यंत आई गेलेली होती. इस्त्रीवालीला कसं कळलं, हे त्या गोंधळात कोणी विचारलंच नाही.

ठकूला बाबांना आपल्याबरोबर न्यायचं होतं. तिचं गाव दिवसभराच्या प्रवासावर. आईच्या वेळी तिला फोन करायला बाबा तरी होते. बाबांच्या वेळी कोण करणार? हा प्रश्न तिनं कोणाला बोलून दाखवला नव्हता, पण रोज सकाळी त्यांच्या खोलीतून खोकला ऐकू येईपर्यंत ती अंथरुणात कान देऊन पडून राहायची.

विषय काढला की बाबा उडवून लावत. "तुझ्या सातव्या मजल्यावर मी करू काय? लिफ्टची बटणं दाबत बसू?"

पण खटका रोज पडत होता, आणि त्याचं त्यांना लागत होतं. त्यांनी कागद घेऊन बेरीज मांडली. गीझर, शेगडी, मशीन, पाण्याची मोटर. चारही एकदम चालली तरी खटक्याच्या मापात बसत होती. मग त्यांनी खटक्याची परीक्षा घेतली. "वायर कुठं चिकटली असती तर हा लगेच पडला असता," ते म्हणाले. "हा पंधरावीस मिनिटं तग धरतो आणि मग पडतो. म्हणजे दमून पडतो. कोणीतरी याच्याकडून जास्तीचं काम करून घेतंय." तो पडल्या पडल्या त्यांनी घरातलं सगळं बंद केलं, खटका वर केला आणि मीटरसमोर खुर्ची टाकून बसले. मीटर ढिम्म. जास्तीचं काम करून घेणारं कोणी सापडलं नाही.

ते ठकूला सापडलं. चौथ्या दिवशी खटका पडला तेव्हा ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. अडगळीच्या खोलीच्या खिडकीतून एक पांढरी वायर निघून वेलीच्या आडून कुंपणापलीकडे गेलेली तिला दिसली. पलीकडे इस्त्रीवालीची खोली. भाड्याची, मीटर मालकाचा, त्यामुळे तिला फुकट विजेतलं काही मिळत नव्हतं. ठकू पलीकडे तिच्या दारात गेली तेव्हा ती बाई टेबलामागे उभी होती, समोर अर्धी झालेली चादर, आणि इस्त्रीची पिन हातात. वीज गेली की ती घाबरून पिन काढायची आणि त्या दिवशी पुन्हा लावायची नाही. मीटर ढिम्म का होता, ते ठकूला तिथं उभ्या उभ्या कळलं.

बाईनं काही लपवलं नाही. वायर काकूंनीच दिली होती. काकांना बोलू नकोस, ते नियमाचे आहेत, असंही काकूंनीच बजावलं होतं. काकू गेल्यावर तिनं दोन आठवडे इस्त्रीला हात लावला नाही. मग गिऱ्हाइकं तुटायला लागली तशी पुन्हा सुरू केली. विचारायला हवं होतं, पण कोणत्या तोंडानं विचारणार.

"ताई, माझ्यामुळे तर नाही ना पडत खटका?" तिनं विचारलं.

ठकू तिच्याकडे पाहत राहिली. 'हो' म्हटलं की सगळं संपत होतं: खटका पडायचा थांबणार, बाबांची बेरीज खरी ठरणार आणि ते या घरातून हलणार नाहीत.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही चालू ठेवा."

पुढचे चार दिवस तिला घास गोड लागला नाही. बाबांनी मोटर सकाळी लावून पाहिली, गरम पाणी सोडून दिलं, बेरजेचा कागद बदलला. एक दिवस शेगडी आणि मशीन दोनच गोष्टी लावल्या, तर खटका टिकला; त्यांचा चेहरा असा उजळला की ठकूला तिथून उठावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुरुपानं गीझर वाढवला, मशीनमध्ये जाड कपडे घातले, मोटरही लावली, आणि अकरा एकतीसला पुन्हा अंधार. या वेळी त्यांनी वेळ विचारली नाही. खटक्यासमोर बराच वेळ उभे राहिले, मग स्वयंपाकघरात येऊन तिच्यासमोर बसले. कागद त्यांनी चार घड्या घालून टेबलावर ठेवला.

"ठकू, आपण जाऊ तुझ्याकडे," ते म्हणाले.

तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

"चार आकड्यांची बेरीज आहे. आठवडाभर करतोय. मी अख्ख्या जिल्ह्याचा लोड सांभाळला गं, आणि आता चार वस्तू डोक्यात राहत नाहीत. आई कशी काय करत होती कोण जाणे. मला कळायला पाहिजे होतं. घर चालवणं म्हणजे मला आपलं..." ते थांबले. "ती फुकटची वीजसुद्धा बंद करून टाकू. फोन करून सांग कंपनीला."

जे ऐकायला ती महिनाभर थांबली होती ते हेच. ते ऐकल्यावर आपल्याला हायसं वाटेल असं तिनं धरलं होतं.

"बाबा, तुमची बेरीज बरोबर आहे," ती म्हणाली. "पाचवी वस्तू आहे. मला चार दिवसांपासून माहीत आहे."

तिनं सगळं सांगितलं, इस्त्रीवालीला आपण खोटं बोललो तेही आणि का बोललो तेही. सांगताना ती टेबलावरच्या घडीकडे पाहत होती. बाबा म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये असतीस तर तुला मी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

"मी घरीच आहे, बाबा."

"तीच तर पंचाईत आहे," ते म्हणाले आणि पायांत चपला सरकवून मागच्या दारानं निघाले.

वायरीवर त्यांनी आधी तळहात ठेवला. अजून कोमट होती. मग खिडकीजवळचा जोड शोधून काढला आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहिला. काळी टेप ताणून, एकावर एक अर्धी चढवत, तीन वेढे.

"हे मी तिला एकदा दाखवलं होतं," ते म्हणाले. "टेबलफॅन दुरुस्त करताना. एकदाच."

त्यांचा अंगठा त्या टेपवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. ठकू तोंड वळवून वेलीची वाळकी पानं काढत उभी राहिली. मग ते म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो. म्हणालो असतो." मग, "म्हणजे मला वाचनालयात पाठवायची ती यासाठी. आणि मी समजत होतो, माझ्या ज्ञानात भर पडावी म्हणून."

कुंपणापलीकडून इस्त्रीवाली पाहत होती. काकांना बघून ती समजायचं ते समजली आणि टेबलावरचं जाड कापड गुंडाळायला लागली. बाबा तिच्या दारात गेले, इस्त्री उलटी करून तिच्यावरचा आकडा वाचला आणि विचारलं, ही दीड वर्षं चालली, मग आधी खटका का पडला नाही? बाई म्हणाली, काकूंची पद्धत होती. अकरा ते बारा इस्त्री. बारा वाजता काकू मागच्या खिडकीत पिवळा टॉवेल टाकायच्या. टॉवेल दिसला की इस्त्री बंद, मग घरातलं गीझर, मशीन सगळं. एकला टॉवेल काढला की पुन्हा इस्त्री.

"त्या दिवशी बारा वाजून गेले तरी टॉवेल दिसेना," ती म्हणाली. "काकू विसरायच्या नाहीत. म्हणून आले मी बघायला."

बाबांनी दाराच्या चौकटीला हात टेकला होता.

"ही वायर आज काढायची," ते शेवटी म्हणाले. "एवढ्या बारीक वायरीवर एवढी इस्त्री ओढता? एखाद दिवशी दोन्ही घरं पेटली असती."

"काढते, काका."

"आणि टेबल आमच्या बाहेरच्या खोलीत आणा. खिडकीखाली जागा आहे. योजनेच्या कागदावर लिहिलंय, वीज घरातल्या वापरासाठी. घरात येऊन वापरा म्हणजे झालं."

चौतीस वर्षांत नियमाला हात न लावलेल्या माणसानं तो इतक्या सराईतपणे वाकवलेला पाहून ठकूला हसू आलं. इस्त्रीवालीला आलं नाही. ती कापडाची गुंडाळी पोटाशी धरून उभी होती आणि तिला नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

टेबल दारातून आडवं जाईना, तेव्हा पाय काढून आत घेतलं. दुसऱ्या दिवसापासून अकराला बाई यायची. बाबांनी आईची वेळ तशीच ठेवली, फक्त टॉवेलाची गरज राहिली नाही. ते बारा वाजता "हं, आता आम्ही" म्हणायचे आणि ती इस्त्री उभी करायची. मोकळ्या तासात ती बटणं लावत बसे आणि कोणत्या घरचे कपडे कसे येतात ते सांगे. ते ऐकायला बाबा वाचनालय बुडवायला लागले. पहिल्या दिवशी दोन वाजेपर्यंत खटका पडला नाही. बाबांनी कागद फाडला, एवढंच.

पण सकाळी खोकला ऐकू येईपर्यंत कान देऊन पडून राहायचं ठकूनं काही सोडलं नव्हतं. सहाव्या दिवशी तिची निघायची वेळ झाली. बॅग भरून ती बाहेरच्या खोलीत आली आणि म्हणाली, बाबा, निदान दर महिन्याला तरी या. बाबा म्हणाले, बघू. मग खिशातून काळं पेन काढलं, चष्मा लावला आणि इस्त्रीच्या टेबलावरच्या भिंतीवर, चुन्यावर, बोटभर उंचीचे आकडे लिहायला लागले. ठकूचा फोन नंबर. शेजारी 'मुलगी' असं लिहून खाली रेघ ओढली.

"अकराला दार वाजवायचं," ते इस्त्रीवालीला म्हणाले. ड्यूटी बदलताना पुढच्या माणसाला सांगावं तसं. "मी उघडलं तर इस्त्री. नाही उघडलं तर या किल्लीनं आत यायचं, आणि हा नंबर."

बाईनं किल्ली घेतली, कमरेला खोचली. आणि मग इस्त्री उभी करून ती भिंतीवरचा एकेक आकडा बोट लावून मोठ्यानं वाचायला लागली. ठकू बॅगेचा पट्टा धरून ऐकत होती.

"हा शेवटचा एक आहे की सात?"

"सात," ठकू म्हणाली. बाबांनी वाकून तो सात पुन्हा गिरवला.