अण्णांचं थांबलेलं पान

खंडेनवमीला आईनं अण्णांच्या ई-बुक रीडरला हळदकुंकू लावलं, त्याचं मला काही नाही. पण त्याआधी तिनं त्याची वायर उपटली, तिथं माझं डोकं फिरलं. अण्णा, माझे वडील, उन्हाळ्यात गेले. यंत्राचा काय भरवसा, म्हणून मी रीडरमधल्या सगळ्याची लॅपटॉपवर कॉपी घेत होते.

"पूजेची वस्तू अशी वायरीला बांधून ठेवत्यात व्हय?" आई म्हणाली. पाटावर कोयता, कात्री आणि मधोमध रीडर, वर झेंडू. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून मीही रीडरला हात लावला नाही.

दसऱ्याला रीडर उघडला, तर पुस्तकं शून्य.

कुठली पुस्तकं आहेत, कुठलं कुठवर वाचलंय, याची आत एक फाईल असते. कॉपी चालू असताना वायर निघाल्यानं तीच खराब झाली होती. राजारामपुरीतल्या दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. मग मीच ती फाईल काढून टाकली, रीडरला सगळं नव्यानं शोधायला लावलं. पुस्तकं एकूणएक परत आली. पण सगळी पहिल्या पानावर.

आईला एकच पान हवं होतं. ती शाळेची पायरी न चढलेली. अण्णा रोज संध्याकाळी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे. शेवटची कादंबरी अर्ध्यात राहिली. ते गेल्यावर दिवेलागणीला ती ते पान उघडून नुसती बघत बसायची. ते कितवं पान, हे बघायला मी कधी डोकावले नाही.

"कुठं हाय ते पान?"

"गेलं. तू घालवलंस," मी फाडकन बोलले.

आई वात सारखी करत बसली. मला रडू आलं, रागानं की कशानं कुणास ठाऊक. मग तीच म्हणाली, "पहिल्यापासनं वाच. ते पान आलं की मला कळंल."

"तुला काय डोंबल कळणार?" म्हणत मी सुरू केलं. अण्णांसारखं मला जमत नाही, मी घाईत वाचते. आई मधेच म्हणायची, "हितं त्यांना ठसका लागलाता." कधी, "हितं च्या मागितलाता."

दिवाळी गेली. एका संध्याकाळी, गोष्टीतली सून माहेराहून परत निघाली होती, तेव्हा आईनं माझं मनगट धरलं.

"थांब. ह्ये मी ऐकल्यालं न्हाय."

मी रीडर तिच्या मांडीवर ठेवला. आता ही पान हलू देत नाही, असंच मला वाटलं. बराच वेळ ती त्यावर हात ठेवून बसली. मग तिनं तो माझ्याकडं सरकवला.

"वाच पुढं," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं वाच. त्यांचंबी ऐकायचं ऱ्हायलंय."