दारातून परत

लिफ्टताई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या राहून चौकटीत स्क्रू पिळत होत्या आणि तोंडाने श्वास घेत होत्या. नाकाने घेतला असता तर स्क्रू तिथेच टाकून पळाल्या असत्या. मुलींच्या संडासाचं बाहेरचं दार शाळेच्या मागच्या अंगाला, सायकलस्टँडच्या पलीकडे होतं. खालची फळी कुजून गेलेली. त्या फटीतून काळपट पाण्याचा ओघळ बाहेर येऊन फरशीवर वाळला होता, परत ओला झाला होता, परत वाळला होता. त्यावर माश्या अशा ठाण मांडून बसल्या होत्या, जणू त्यांना पगारच मिळत होता.

"ही बाजू झाली," त्या म्हणाल्या. "आता दुसरी दे."

शिडी धरून खाली उभ्या असलेल्या मुलीने छोटी काळी डबी वर केली. बोलली काहीच नाही.

ती बोलत नसेच. आठवीतल्या पोरांनी तिचं नाव 'म्यूट' ठेवलं होतं, आणि तिने तेही मुकाट्याने ठेवून घेतलं होतं. एका संस्थेने शाळेत दहा शनिवारांचा उपक्रम सुरू केला होता. यंत्रांची कामं करणारी माणसं यायची, एकेका मुलाला हाताशी धरून काहीतरी बनवायला शिकवायची, आणि शेवटी पाहुण्यांसमोर ते दाखवायचं. ताई वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होत्या, म्हणून 'लिफ्टताई'. बोलक्या, चुणचुणीत मुलांनी आपापले गुरू आधीच पटकावले. उरली ही. ताईही उरल्याच होत्या, कारण लिफ्ट दुरुस्त करणारी बाई म्हणजे नेमकं काय शिकवणार, हे कुणाला कळलं नव्हतं.

पहिले दोन शनिवार पोरीच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. तिसऱ्या शनिवारी सगळ्यांना आपल्या आसपासची एक अडचण लिहायला सांगितली. इतरांनी लिहिलं रहदारी, कचरा, मोबाइलची बॅटरी. हिने लिहिलं, 'मुली पाणी पीत नाहीत.'

"का पीत नाहीत?" ताईंनी विचारलं होतं.

मुलीने पेन्सिल मागच्या खिडकीकडे रोखली.

म्हणून ही शिडी. लिफ्टच्या दारात हात घातला की दार परत उघडतं, ते ज्या अदृश्य किरणामुळे, त्याचीच ही धाकटी बहीण ताईंनी दाराच्या दोन्ही बाजूंना बसवली. दार अरुंद, एका वेळी एकीलाच जाता येईल असं. कुणी आत गेलं की किरण तुटायचा, बाहेर आलं की परत तुटायचा, आणि मधे किती सेकंद गेले ते यंत्र टिपून ठेवायचं. जोडणी मुलीने केली होती. तिची बोटं बारीक होती आणि अजिबात थरथरत नव्हती. हे ताईंनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. शिडी मिटून त्यांनी हात तीनदा साबणाने धुतले, तरी घरी जाईपर्यंत ते अंगापासून लांबच धरले.

पुढच्या शनिवारी दोघी आकडे बघायला बसल्या. सहा दिवसांत दाराशी आलेल्या मुली चारशे अठरा. त्यातल्या दहा सेकंदांच्या आत परत फिरलेल्या तीनशे एकसष्ट.

"हे काही बरोबर नाही," ताई म्हणाल्या. "किरण सरकला असेल. दहा सेकंदांत कोण बाहेर येतं?"

"चूक नाही."

आवाज इतका हळू होता, की ताईंना आधी वाटलं खुर्ची कुरकुरली.

"कशावरून?"

मुलीने दप्तरातून वही काढली. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून बसून तिने काढलेल्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्यांत. सुट्टीतले यंत्राचे आकडे आणि वहीतल्या रेघा यांत सहा दिवसांत तिघींचा फरक होता.

"आत जातात, बघतात आणि परत येतात," मुलगी टेबलाकडे बघत म्हणाली. "तुम्ही तर आत पण गेला नाहीत."

"मी? अगं, मी तासभर होते तिथे!"

"बाहेर."

ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर उंटाच्या जागी शिडी. त्या उठल्या, रुमाल खिशातच ठेवला आणि मागच्या अंगाला चालू लागल्या.

आत तीन खोल्या होत्या. पहिलीला कडी नव्हती. दुसरीला दारच नव्हतं. तिसरी तुंबून काठोकाठ भरली होती, आणि वर आलेल्या फेसात काहीतरी हळूहळू गोल फिरत होतं. त्या नळाकडे गेल्या, नळाला तोटी नव्हती. टोपली नव्हती, म्हणून पाळीच्या वापरलेल्या कपड्यांच्या घड्या झरोक्याच्या गजांत कोंबलेल्या होत्या. काही जुन्या, काळ्या पडलेल्या. एक ताजी होती. सगळ्यात वाईट होती भिंत. घाणीत पाय न टेकता तोल सांभाळायचा म्हणून मुलींनी जिथे हात ठेवले, तिथे पंजांचे ठसे उमटले होते. त्यातले काही फारच लहान होते, पहिली-दुसरीतल्या पोरींचे.

ताईंनी साठपर्यंत मोजलं. मग बाहेर येऊन सायकलस्टँडच्या खांबाला धरून त्या भडभडून ओकल्या.

मुलीने दप्तरातून पाण्याची बाटली काढून दिली. दुपारचा एक वाजला होता आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

हे सगळं ताईंनी उपक्रमाच्या संयोजकांना सांगितलं. संयोजक तुकतुकीत चेहऱ्याचे होते. समोरचा बोलत असताना मान अशी डोलवायचे, की ऐकत असावेत असं वाटे.

"फार संवेदनशील निरीक्षण!" ते म्हणाले. "पण मॅडम, पाहुण्या येणार, फोटो निघणार. पडद्यावर संडास कसा दाखवायचा? एक काम करू. यंत्र तेच ठेवा, दार फक्त बदला. वाचनालयाच्या दाराला लावा. किती मुलं वाचायला येतात ते मोजा. किती छान दिसेल!"

मुख्याध्यापक बाजूलाच बसले होते. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तुमचे दहा शनिवार संपले की तुम्ही जाल. शाळेचं नाव आम्हालाच जपायचंय."

इथे कसलाच वास नव्हता, तरी ताई तोंडाने श्वास घ्यायला लागल्या. टेबल लख्ख पुसलेलं होतं. आणि त्याहून शिसारी आणणारी गोष्ट अशी, की त्या "बघते" म्हणून बाहेर पडल्या. नाही म्हणाल्या नाहीत. बघते म्हणाल्या.

मुलीला त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं, स्वतःच्या 'बघते'सकट.

मुलीने जरा विचार केला. "वाचनालयाला कुलूप असतं," ती म्हणाली.

ताईंना हसू फुटलं, आणि मुलीच्याही ओठांचा कोपरा हलला. त्या दिवसापासून दोघींनी सराव सुरू केला. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात ताई आधी हातभर अंतरावर उभ्या राहिल्या, मग चार पावलांवर, मग दहा. मुलीने बोलायचं आणि ताईंना शेवटचा शब्द ऐकू आला तरच त्यांनी एक पाऊल मागे सरकायचं.

"घाबरलीस की आकडा सांग," ताई म्हणायच्या. "आकड्याला लाज नसते. चारशे अठरा. म्हण."

"चारशे अठरा."

"मला 'चारशे' एवढंच ऐकू आलं. अठरा मुली कुठे गेल्या?"

"अठरा!"

नवव्या शनिवारी ताई व्हरांड्याच्या पार टोकाला, जिन्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांना तीनशे एकसष्ट स्पष्ट ऐकू आलं. पहिल्या मजल्यावरून खाली बघणाऱ्या एका मुलालाही आलं. "आयला, म्यूट बोलते!" तो ओरडला. मुलीने वर पाहिलं, त्याला तोच आकडा पुन्हा ऐकवला आणि पुढचं वाक्य घेतलं.

दहाव्या शनिवारी, कार्यक्रमाच्या दिवशी, सभागृहात नव्या रंगाचा वास येत होता. रंग फक्त पुढच्या भिंतीला लागला होता. प्रमुख पाहुण्या एका मोठ्या कंपनीच्या अधिकारी होत्या, शाळेला संगणक त्यांनीच दिले होते. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी मुख्याध्यापकांच्या कानात काही विचारलं. शिपाई धावला. कार्यालयामागच्या संडासाचं कुलूप उघडलं गेलं, आतून सुगंधी फवाऱ्याचा भपकारा आला. पाहुण्या पाच मिनिटांत हात पुसत, हसतमुखाने परतल्या. कुलूप लागलं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात गेली. तिसऱ्या रांगेत बसलेल्या ताईंनी हे उघड्या दारातून पाहिलं. मंचाच्या पायरीशी आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या मुलीनेही पाहिलं.

संयोजकांनी तिची ओळख करून दिली. "ही मुलगी दहा आठवड्यांपूर्वी एक शब्द बोलायची नाही!" वाचनालयाचा कागद त्यांनी तिच्या हातात आधीच दिला होता. तिने तो नीट घडी करून माइकच्या बाजूला ठेवला.

"हे यंत्र मी मुलींच्या संडासाच्या दाराला लावलं," ती म्हणाली. पहिला शब्द अडखळला, पुढचे नाही. "सहा दिवसांत चारशे अठरा वेळा मुली दाराशी आल्या. तीनशे एकसष्ट वेळा दहा सेकंदांच्या आत परत गेल्या. म्हणून मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. पाळी असली की शाळेत येत नाहीत. आमच्या वर्गात मागच्या महिन्यात बावीस खाडे पडले." यंत्र कसं चालतं तेही तिने सांगितलं, न चुकता, घाई न करता.

मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात, दोन्ही हात उंच धरून.

"वा! किती धीट मुलगी! काय आत्मविश्वास!" त्या म्हणाल्या. "अगदी मोकळेपणाने बोललीस गं."

"हाच तो बदल!" संयोजक दुसऱ्या माइकवरून म्हणाले. "आज आपण एका मुलीला तिचा आवाज दिला!"

फोटो निघाले. पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मुख्याध्यापकांनी दुसऱ्या खांद्यावर ठेवला. तिचे केस, तिचा आवाज, तिचं उभं राहणं, सगळ्याचं कौतुक झालं. चारशे अठराचं कुणी नाव काढलं नाही. ताईंच्या हातात शेजाऱ्याने बिस्किटांची बशी दिली. त्यांनी ती घेतली आणि खुर्चीखाली ठेवली. जिभेवर तेलाचा थर बसल्यासारखं झालं होतं. त्या मागच्या संडासात निदान काही लपवलेलं नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना उठून जावंसं वाटलं.

"आता पुढचा विद्यार्थी," संयोजक म्हणाले.

मुलगी मंचावरून उतरली नाही. माइक अजून तिच्या हातात होता.

"सर," ती मुख्याध्यापकांना म्हणाली, "किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"तुमच्या खिशातली. मुलींना जायचंय."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. मुख्याध्यापकांनी संयोजकांकडे पाहिलं. संयोजकांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता त्याला उतरायला जागा मिळत नव्हती. कॅमेरेवाल्याने कॅमेरा खाली घेतला नव्हता. मुख्याध्यापकांनी खिशात हात घातला.

शिपायाने किल्ली घेतली आणि पुढे झाला. पहिल्या रांगेतून पाचवीतली एक पोर उठली, मग तिच्या मागे दोघी, मग मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. कुणी पळत नव्हतं. कार्यालयामागच्या बोळात रांग लागली, रांगेचं शेपूट सभागृहाच्या दारातून आत आलं.

संयोजक वाकून ताईंच्या कानाशी आले. "मॅडम, कार्यक्रम खोळंबलाय. तुमचीच विद्यार्थिनी आहे, जरा सांगा तिला."

"तुम्ही सांगा," ताई म्हणाल्या. "तुम्हीच आवाज दिलाय ना?"

वीस मिनिटं झाली. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. रांग संपत आली तशी मुलगी मंचावरून उतरली आणि सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली. तिचा नंबर आला, ती आत गेली, आणि ताईंनी नकळत मोजायला सुरुवात केली. दहा कधीच मागे पडले. शंभराच्या पुढे त्यांनी मोजणं सोडून दिलं.

ती ओले हात झटकत बाहेर आली. मुख्याध्यापक बोळाच्या तोंडाशी हात पुढे करून उभे होते. कुलूप उघडंच लटकत होतं, आणि किल्ली शिपायाने तिच्याकडे दिली होती.

"झालं ना सगळ्यांचं?" ते म्हणाले. "आण इकडे."

मुलीने मागे वळून रिकाम्या बोळाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही सर," ती म्हणाली. "सोमवारी परत येतील."